हॅमट्रॅमिकमधले गोरे

अमेरिकेच्या मिशिगन राज्याचा नकाशा उघडा आणि डेट्रॉइट शहर शोधा. आता त्या शहराच्या आत, अगदी पोटात, बारकाईनं बघा. तिथे एक सीमारेषा दिसेल आणि तिच्या आत दुसरंच एक गाव. नाव हॅमट्रॅमिक. क्षेत्रफळ साधारण साडेपाच चौरस किलोमीटर. स्वतःचा महापौर, स्वतःची नगरपरिषद, स्वतःच्या शाळा, आणि जवळजवळ चहूबाजूंनी डेट्रॉइट.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि प्रत्येक गावाच्या नावापुढे वंशांची टक्केवारी छापली जाते. २०१० साली हॅमट्रॅमिकची लोकसंख्या २२,४२३ होती. त्यात निम्म्याहून थोडे जास्त लोक गोरे, पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त आशियाई, पाचव्या हिश्शाच्या जवळपास कृष्णवर्णीय आणि उरलेले बहुतेक एकाहून अधिक वंशांचे. दोन ओळींत गाव आटोपलं! अशा ओळी आपण वाचतो आणि पुढे जातो.

जरा थांबू या. निम्म्याहून जास्त गोरे, म्हणजे नेमके कोण? त्या एका आकड्यात पोलंडहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. युक्रेनियन आणि अल्बेनियन आहेत. १९९०च्या दशकातल्या युद्धातून जीव वाचवून आलेले बोस्नियाचे मुसलमान आहेत. आणि येमेनहून आलेले अरब आहेत. होय, तेच येमेन, अरबी द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाचं, आशिया खंडातलं! अमेरिकेच्या सरकारी हिशेबात येमेनी माणूस आशियाई नव्हता, तो गोरा होता. त्याच्या शेजारच्या गल्लीत राहणारा बांगलादेशी मात्र आशियाई.

हे असं का? या एका प्रश्नाचा धागा ओढला तर दोनशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो आणि त्यातला थक्क करणारा एक तुकडा याच डेट्रॉइटच्या न्यायालयात सापडतो.

आधी माणसं आली कशी ते पाहू. गावाला नाव मिळालं ते मॉन्ट्रियलमध्ये जन्मलेल्या एका फ्रेंच-कॅनेडियन लष्करी अधिकाऱ्यावरून. तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढला होता आणि १७९६ साली ब्रिटिशांनी डेट्रॉइट सोडलं तेव्हा तिथल्या किल्ल्याची जबाबदारी त्याच्याकडे आली. पुढचं शतकभर इथे शेतीच होती. १९१०च्या जनगणनेत या वस्तीत ३,५५९ माणसं मोजली गेली. त्याच वर्षी डॉज बंधूंनी इथे मोटारींच्या भागांचा कारखाना सुरू केला.

१९२०च्या जनगणनेत आकडा किती असावा? दुप्पट? चौपट? ४८,६१५! दहा वर्षांत तेरापटीहून जास्त. १९३० साली तर ५६,२६८, म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये दहा हजारांहून अधिक माणसं, आणि तीही गगनचुंबी इमारतींत नव्हे, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या दुमजली लाकडी घरांत. पाळी संपली की कारखान्यातून पायी घरी पोचता यावं, अशी ती वस्ती.

या गर्दीत सर्वांत मोठा भरणा पोलिश लोकांचा होता. आता इथे पहिलं नवल बघा. १९१० साली जगाच्या नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. १७९५ साली रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसात वाटून घेतला होता आणि तो परत उभा राहिला १९१८ साली. मग कारखान्यात आलेल्या पोलिश मजुराला मोजणाऱ्यानं ‘तुझा जन्म कोणत्या देशात झाला?’ असं विचारलं तर त्यानं काय सांगावं? रशिया, जर्मनी किंवा ऑस्ट्रिया. म्हणजे नियमाप्रमाणे नोंद केली तर सगळं गाव पोलिश बोलणारं, पोलिश चर्चमध्ये जाणारं, आणि कागदावर एकही पोलिश नाही! स्थलांतरितांच्या संघटनांनी यावर आवाज उठवला. म्हणून १९१०च्या जनगणनेत ऐन वेळी एक प्रश्न वाढवला गेला: तुमची मातृभाषा कोणती? देश हरवलेली माणसं त्या एका प्रश्नामुळे मोजदादीत सापडली.

एक रकाना वाढला आणि हजारो माणसं ‘दिसू’ लागली. हे लक्षात ठेवा, कारण याच्या नेमकं उलटंही घडतं.

अमेरिकेची पहिली जनगणना १७९० सालची. तिच्यात माणसांचे प्रकार मोजकेच होते: गोरे स्वतंत्र पुरुष, गोऱ्या स्वतंत्र स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम. त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा झाला आणि त्यानं सांगितलं की परदेशातून येणारा माणूस ‘स्वतंत्र गोरा’ असेल तरच त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळेल. यादवी युद्धानंतर, १८७० साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात जागा मिळाली. पण मधल्या सगळ्या जगाचं काय? अरब, पारशी, पंजाबी, जपानी यांचं काय? ‘गोरा’ म्हणजे कोण हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग ठरवायचं कुणी? न्यायाधीशांनी. एकेका माणसाचा अर्ज समोर ठेवून.

हे अर्ज वाचताना माझी तर मती गुंग होते. १९१० साली मुंबईच्या भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थांचा खटला न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात आला आणि न्यायालयानं निर्वाळा दिला की पारशी गोरे आहेत. १९१५ साली सीरियाचे जॉर्ज डाऊ गोरे ठरले. नोव्हेंबर १९२२ मध्ये जपानचे ताकाओ ओझावा यांच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. वीस वर्षं अमेरिकेत काढलेली, कॅलिफोर्नियात शिक्षण झालेलं आणि त्वचा कितीतरी युरोपीयांपेक्षा उजळ. न्यायालय म्हणालं, रंगावर काही नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तुम्ही त्या वंशाचे नाही, म्हणून गोरे नाही.

तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, त्याच न्यायालयाचा निकाल आला तो भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात. अमृतसरकडचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात सेवा केलेले. त्यांचा मुद्दा सरळ होता. गोरा म्हणजे कॉकेशियन असं तुम्हीच म्हणालात. त्या काळचं वंशशास्त्र उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियनच म्हणतं. म्हणजे मी गोरा. आता यातून सुटका कशी? न्यायालयानं शास्त्रच बाजूला ठेवलं आणि सांगितलं की ‘गोरा’ हा सामान्य माणसाच्या बोलण्यातला शब्द आहे, आणि सामान्य माणूस तुम्हाला गोरं म्हणणार नाही. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही एकच, जॉर्ज सदरलँड! ओझावांना शास्त्रानं अडवलं, थिंडना व्यवहारानं. या निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या कित्येक हिंदी लोकांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. थिंडना ते अखेर १९३६ साली मिळालं, पण गोरे म्हणून नाही. महायुद्धातल्या सैनिकांसाठी झालेल्या कायद्याखाली.

आणि आता डेट्रॉइट. १९४२ साली तिथल्या संघराज्य न्यायालयात अहमद हसन नावाच्या एका अर्जदाराचं प्रकरण आलं. मूळ देश येमेन. न्यायाधीशांनी त्यांच्या गडद रंगाची नोंद घेतली, अरबांचा मुस्लिम समाज आणि युरोपची ख्रिस्ती संस्कृती यांच्यात मोठं अंतर आहे असं लिहिलं, आणि ठरवलं की अरब गोरे नाहीत. अर्ज नामंजूर. दोनच वर्षांनी, १९४४ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या दुसऱ्या न्यायाधीशांसमोर दुसरा अरब आला. या न्यायाधीशांना अरब दिसले ते प्राचीन ग्रीकांची विद्या युरोपपर्यंत पोचवणारे दुवे म्हणून. अरब गोरे आहेत! अर्ज मंजूर.

पुढे १९५२ साली नागरिकत्वासाठीची वंशाची अटच गेली. पण चौकटी राहिल्या. १९७७ साली सरकारनं सर्व खात्यांसाठी व्याख्या पक्क्या केल्या. त्यांनुसार युरोप, मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिका यांपैकी कुठलंही मूळ असलेला माणूस म्हणजे गोरा. डेट्रॉइटच्या न्यायालयानं ज्यांना गोरं मानायला नकार दिला, त्यांचे देशबांधव त्याच डेट्रॉइटच्या पोटातल्या गावात असे कागदोपत्री गोरे झाले. कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आपलं काय? मराठी माणसाची चौकट कोणती? १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनांत हिंदुस्थानातून आलेल्यांसाठी वंशाच्या रकान्यात एक नाव होतं: ‘हिंदू’. धर्म कोणताही असो! थिंड शीख, पण वंश हिंदू. हिंदुस्थानातला मुसलमान, तोही वंशानं हिंदू. मग १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि भारतातून डॉक्टर, अभियंते जाऊ लागले, त्यांत मराठी मंडळीही होती. १९७०च्या जनगणनेत या सगळ्यांची गणना कशात झाली असेल? गोऱ्यांत! १९८० साली ‘एशियन इंडियन’ अशी स्वतंत्र चौकट आली आणि तेच लोक आशियाई झाले. तीही आपोआप आली नाही. अमेरिकेतल्या भारतीयांच्या संघटनेनं त्यासाठी सरकारदरबारी खटपट केली होती, कारण अल्पसंख्य म्हणून मिळणारं कायद्याचं संरक्षण गोऱ्यांच्या रकान्यात राहून मिळणार नव्हतं.

धान्य तेच, चाळण बदलली की वर काय राहतं आणि खाली काय पडतं ते बदलतं.

तरी एवढ्यावर थांबलं तर हॅमट्रॅमिकवर अन्याय होईल, कारण इथे चाळणीबरोबर धान्यही बदललं. १९८०च्या आरंभी डॉजचा अवाढव्य कारखाना बंद झाला आणि लगेच पाडलाही गेला. पोलिश कुटुंबांची तरुण पिढी आधीच उपनगरांकडे निघाली होती. लाकडी घरं स्वस्त झाली. स्वस्त घर, पायी अंतरावर दुकानं, आणि परक्या माणसाला पहिली नोकरी देऊ शकणारे आसपासचे छोटे कारखाने. नव्यानं देशात आलेल्याला आणखी काय हवं? येमेनचे लोक डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत पूर्वीपासून होतेच, ते इथे वाढले. बोस्नियाचे निर्वासित आले. आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या बांगलादेशींना कळलं की त्या भाड्यात इथे घर घेता येतं. त्यांतले पुष्कळ जण सिल्हेटचे. सिल्हेटचे खलाशी विसाव्या शतकाच्या आरंभापासून कलकत्त्याहून सुटणाऱ्या ब्रिटिश बोटींवर काम करत आणि अमेरिकेच्या बंदरांत उतरून गर्दीत मिसळून जात. शंभर वर्षांनंतर त्यांच्याच मुलुखातल्या माणसांनी कोनांट रस्त्याला दुसरी ओळख दिली. आज त्या भागाला बांगलाटाऊन म्हणतात.

पोपची भेट आणि बांग, दोन्ही या एकाच गावाच्या इतिहासात आहेत. १९८७ साली पोप जॉन पॉल दुसरे, स्वतः पोलिश, इथे आले होते. २००४ साली नगरपरिषदेनं मशिदीतल्या अजानला ध्वनिवर्धकावर परवानगी दिली. जगभर बातम्या झाल्या, विरोधकांनी मतदान मागितलं, आणि गावकऱ्यांनी मत देऊन परवानगी कायम ठेवली. शतकभर पोलिश आडनावांचे महापौर पाहिलेल्या या गावात २०२१ साली येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब महापौर म्हणून निवडून आले आणि त्या निवडणुकीनं सगळी नगरपरिषद मुसलमान सदस्यांची झाली. पण हे अमेरिकेच्या जनगणनेतून तुम्हाला कधीच कळणार नाही. ती धर्म विचारतच नाही! वंशाच्या रकान्यांत पाहाल तर पोलिश आजी गेली आणि येमेनी आजोबा आले तरी गोऱ्यांची टक्केवारी जागची हलत नाही. एवढी मोठी उलथापालथ, आणि आकडा शांत.

मग हे येमेनी आहेत हे मोजणाऱ्यांना कळतं तरी कसं? दुसऱ्या एका प्रश्नावरून: तुमचे पूर्वज कुठले? १९८० ते २०००च्या जनगणनांत हा प्रश्न लांबलचक अर्जावर असे आणि तो अर्ज साधारण सहांपैकी एकाच घराला मिळे. आता तो दरवर्षीच्या नमुना पाहणीत विचारतात. म्हणजे येमेनी वस्तीचा अंदाज काही घरांवरून बांधायचा. लहान गावात असा अंदाज किती डळमळीत असेल, विचार करा.

रकान्याचा परिणाम कागदापुरता राहतो असं वाटत असेल तर मतदान केंद्रावर चला. मतदानहक्काच्या कायद्यात १९७५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, एखाद्या गावात मतदारवयाच्या नागरिकांपैकी पाच टक्क्यांहून जास्त लोक एकाच भाषक अल्पसंख्य गटातले आणि इंग्रजीत कच्चे असतील, आणि त्या गटात निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त असेल, तर मतपत्रिका त्यांच्या भाषेतही द्यावी लागते. २०११ साली हॅमट्रॅमिकला ही अट लागू झाली आणि बंगालीत मतपत्रिका आल्या. मिशिगनमधल्या एका छोट्या गावात बंगाली मतपत्रिका! मग अरबी? त्या कायद्यात चारच गट आहेत: आशियाई, अमेरिकेतले मूळ आदिवासी, अलास्काचे मूळ रहिवासी आणि स्पॅनिश वारशाचे लोक. येमेनी कागदोपत्री गोरे, या चारांपैकी कुठल्याच गटात नाहीत, म्हणून हा कायदा त्यांच्यासाठी अरबी मतपत्रिकेची सक्ती करत नाही.

आणि हेच गोरेपण मतदान केंद्रावर कितपत कामाला आलं? १९९९च्या निवडणुकीत याच गावात काही लोक केंद्रांवर उभे राहिले आणि सावळ्या रंगाच्या, अरबी वाटणाऱ्या नावांच्या मतदारांच्या नागरिकत्वावर हरकती घेऊ लागले. अरब आणि बांगलादेशी मतदारांना मत देण्याआधी शपथ घ्यायला लावली गेली. केंद्र सरकारच्या न्याय खात्यानं गावाविरुद्ध दावा केला आणि २००० साली गावाला सुधारणा मान्य कराव्या लागल्या. जनगणनेच्या दप्तरात जो गोरा, तोच केंद्राच्या दारात संशयित. थिंड खटल्यातला तो ‘सामान्य माणूस’ इथे शहात्तर वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला, असं मला हे वाचताना वाटलं.

कृष्णवर्णीयांच्या आकड्यामागे तर आणखी कठोर गोष्ट आहे. हा आकडा कारखान्यांनी किंवा घरभाड्यांनीच घडवला असं नाही, नगरपालिकेनंही घडवला. १९६०च्या दशकात गावाच्या पुनर्विकासासाठी वस्त्या पाडल्या गेल्या आणि त्या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या होत्या. पर्यायी घरं मिळाली नाहीत. रहिवाशांनी १९६८ साली दावा लावला. १९७१ मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला की गावानं कृष्णवर्णीयांना हटवण्याचाच हा उद्योग केला होता. भरपाई म्हणून ठरलेली घरं पूर्ण व्हायला नवं शतक उजाडलं. दावा लावणाऱ्यांपैकी काही जण तोवर हयात नव्हते. एखाद्या छोट्या गावाच्या टक्केवारीत न दिसणारी माणसं अशीही असतात: जी तिथे राहिली असती.

मोजणारा आणि मोजला जाणारा यांचं नातंही दरम्यान पालटलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तुमचा वंश तुम्ही सांगत नव्हता. दारात आलेला कर्मचारी तुमच्याकडे बघून तो लिहीत असे. १९३० साली त्याला सूचना होती की आफ्रिकी रक्ताचा अंश कितीही लहान असला तरी माणूस कृष्णवर्णीय लिहायचा. त्याच वर्षी, फक्त त्या एका जनगणनेत, ‘मेक्सिकन’ हा स्वतंत्र वंश होता. मेक्सिकोनं निषेध केला आणि १९४० साली ती माणसं पुन्हा गोऱ्यांत गेली. १९६० पासून अर्ज टपालानं येऊ लागले, लोक स्वतःच खूण करू लागले. २००० साली एकाहून अधिक चौकटींत खूण करायची मुभा मिळाली. २०२० साली गोऱ्यांच्या चौकटीखाली मूळ लिहायला जागा आली आणि उदाहरणांत जर्मन, आयरिश यांच्याबरोबर लेबनीज, इजिप्शियन हेही छापले गेले.

आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका ही आता वेगळी चौकट. हे नियम टिकले तर १ एप्रिल २०३० रोजी हॅमट्रॅमिकमधून एकही माणूस न हलता गोऱ्यांचा आकडा धाडकन खाली येऊ शकतो. पण किती खाली, हे कुठल्याही सूत्रानं काढता येणार नाही. बोस्नियाचा मुसलमान युरोपचा, म्हणून गोराच राहणार. आर्मेनियन आणि सोमाली लोकांना नव्या चौकटीत घ्यायचं की नाही, यावर अजून अभ्यास व्हायचा आहे. आणि येमेनी माणसाला नवी चौकट, जुनी चौकट किंवा दोन्ही निवडायची मोकळीक आहे. तीन पिढ्या मिशिगनमध्ये काढलेलं कुटुंब आणि गेल्या वर्षी आलेलं कुटुंब एकाच चौकटीत खूण करतील असं समजायला काहीच आधार नाही. आजोबा एक लिहितील, नात दुसरं. तेही एकाच घरात, एकाच अर्जावर.